कॉइल बदलून दिली नाही, वर ‘टॅम्परिंग’चा शेरा: लेखी तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: खराब इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) वॉरंटीत बदलून देण्यास आपल्या सातारा येथील अधिकृत सर्व्हिस सेंटरने दिलेला नकार, आणि जॉबकार्डावरील (सेंटरच्या कामाच्या नोंदीवरील) ‘टॅम्परिंग’चा, म्हणजे छेडछाडीचा, शेरा रद्द करण्याबाबत.

महोदय,

माझ्याकडे आपल्या कंपनीची पेट्रोल हॅचबॅक आहे. वॉरंटी चालू आहे. आजवरचे सगळे सर्व्हिसिंग आपल्याच सेंटरला झाले असून बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

खंबाटकी घाट चढताना गाडी मिसिंग मारू लागली, पिकअप गेला आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा नुसता पेटणे वेगळे आणि लुकलुकणे वेगळे. लुकलुकतो तेव्हा सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तिथे जळते आणि तो महागडा भाग कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून गाडी तशीच न दामटता टो करून आपल्या सेंटरला आणली.

तिथे स्कॅनर लावला, गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोड पुसला, ‘पेट्रोल भेसळीचे असेल’ म्हणून सांगितले आणि स्कॅनिंगचे पैसे घेऊन गाडी परत दिली. कोड कोणता होता, ते जॉबकार्डावर लिहिलेले नाही. विचारल्यावर उत्तर मिळाले, “ते आमच्या सिस्टिमला असतं, सर.” गाडी पुन्हा तशीच थरथरू लागली, तेव्हा हातात एस्टिमेट ठेवले: चारही प्लग, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, डीकार्बनायझिंग, आणि एवढे करूनही फरक नाही पडला तर हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवून बघू. दोष कुठे आहे याचा पत्ता नाही आणि हेड उतरवायची भाषा! मी गाडी घरी आणली.

असे कोड वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर लावल्यावर कोड निघाला पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसफायर, तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. इंजिन थंड झाल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली. प्रत्येकी एक कनेक्टर आणि दहाच्या पान्याचा एक बोल्ट, एवढेच ते काम. कोड पुसून गाडी चालू केली, तर आता पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर. कॉइल जिकडे गेली, तिकडे दोष गेला. प्लग किंवा इंजेक्टर खराब असता, तर कोड पहिल्याच सिलिंडरचा आला असता. गल्लीतला कोणताही फिटर सर्वांत आधी हेच करून बघतो. आपल्या सेंटरला ते का सुचले नाही, हे आपणच त्यांना विचारावे.

या सगळ्याचा व्हिडिओ मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला दाखवला. त्यांनी कॉइल तपासलीच नाही. उलट जॉबकार्डावर लिहिले, ‘ग्राहकाने इंजिन उघडले, टॅम्परिंग, वॉरंटी लागू नाही.’ मग म्हटले, पैसे घ्या पण कॉइल द्या. तर पार्ट्स काउंटरवर सांगितले, “गाडी वर्कशॉपला लावली तरच पार्ट मिळेल.” म्हणजे तुम्ही दुरुस्त करणार नाही आणि मलाही करू देणार नाही.

इंजिनात उगाच हात घालायची मला हौस नाही. टायमिंग चेन किंवा हेड गास्केटचे काम असते, तर मी पान्याला हातही लावला नसता. त्याला टॉर्क रेंच, लॉकिंग टूल आणि त्या इंजिनावर बसलेला हात लागतो. टायमिंग चुकले तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात. अशा कामाला मी वर्कशॉपच गाठीन आणि बिलही मुकाट भरीन. पण कॉइल वरून काढण्याला ‘इंजिन उघडणे’ म्हणत असाल, तर बॉनेट उचलणेही गुन्हाच ठरेल.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना मिळू न देण्यावरूनच. बाहेर काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही त्या आदेशात आहे. त्यावर पुढे अपिले झाली, हे मला ठाऊक आहे. तरी मुद्दा तोच उरतो: कॉइल मी हात लावण्याआधीच खराब होती. टोइंगची पावती आणि आपलेच पहिले जॉबकार्ड त्याला साक्ष आहेत.

तेव्हा कॉइल वॉरंटीत बदलून द्यावी, ‘टॅम्परिंग’चा शेरा आपल्या नोंदीतूनही काढावा आणि स्कॅनिंगचे पैसे परत करावेत. पहिल्या स्कॅनमध्ये आलेल्या कोडची प्रतही मला हवी आहे; गाडी माझी आहे, तिचा आजार मला कळलाच पाहिजे. वॉरंटी नाकारायचीच असेल, तर कोणत्या कलमाखाली आणि माझ्या कोणत्या कृतीने कोणते नुकसान झाले, ते सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावे.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. उत्तर लेखीच हवे. ‘सर, एकदा गाडी घेऊन या, बघून घेऊ’ असा सेंटरमधून फोन आल्यास ते उत्तर धरले जाणार नाही.

आपला,
एक ग्राहक

सोबत: सर्व्हिसिंगची बिले, दोन्ही जॉबकार्डे, एस्टिमेट, टोइंगची पावती, व्हिडिओ