ज्येष्ठ नटांच्या आठवणी नोंदवून ठेवाव्यात

महोदय,

आपल्या पुरवणीतील ज्येष्ठ रंगकर्मीचे आत्मकथन मनाला भिडले. कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक असलेल्या डॉ. श्रीराम लागू यांनी १९६९ मध्ये, वयाच्या चाळिशीनंतर, पूर्णवेळ रंगभूमी पत्करली आणि पुढे आत्मचरित्र लिहिल्यामुळे त्यांची नाट्यसाधना आज अभ्यासता येते. इंदूरच्या हौशी मराठी रंगभूमीवर मात्र दिवसभराची नोकरी सांभाळून रात्री तालमी करणाऱ्या नटांनी (आणि पडद्यामागच्या मंडळींनीही, ज्यांना कोणी विचारतच नाही) असे लेखन क्वचितच केले. येथील नाट्यसंस्थांनी या वयोवृद्ध कलावंतांच्या मुलाखती आता विनाविलंब ध्वनिमुद्रित कराव्यात आणि त्यांच्याकडील जुन्या संहिता व छायाचित्रेही जतन करावीत, ही कळकळीची विनंती.

– एक नाट्यरसिक, इंदूर