पुस्तकातला मच्छीमार गळच का टाकतो?

मा. संपादक,

बालवाडीपासून चौथीपर्यंतच्या खासगी कार्यपुस्तिकांत 'आपले मदतनीस' असं एक पान हमखास असतं. त्यातला मच्छीमार पिवळा रेनकोट घालून गळ टाकून बसलेला असतो. खाडीकाठी गळाने मासे धरणारे आहेत, नाही असं नाही. पण मालवण-तारकर्लीच्या मुलाला रापण ठाऊक असते. होडीतून अर्धगोलात सोडलेलं जाळं, त्याच्या दोन टोकांचे दोर आणि ते ओढणाऱ्यांच्या किनाऱ्यावर दोन रांगा. काढायला हे कठीण नाही. फक्त ओढणाऱ्यांची अंगं मागे कललेली आणि टाचा वाळूत रुतलेल्या हव्यात, नाहीतर माणसं नुसती दोर धरून उभी वाटतात. मासे कापणाऱ्या बाईच्या विळीचंही तेच. ती पाटावर पाय दाबून बसते आणि पात्याची धार तिच्याकडे असते. बऱ्याच चित्रांत धार उलट्या बाजूला असते. तशा विळीवर मासा कापताच येणार नाही.

खरी अडचण खाकीची आहे. पोलीस, पोस्टमन आणि एसटीचा कंडक्टर असे तीन खाकीवाले एकाच पानावर आले की मूल गोंधळतं. इथे रंगाचा उपयोग नाही, ओळख वस्तूवर आणि हातांवर ठेवावी लागते. पोस्टमनच्या खांद्याला पिशवी आणि पुढे केलेल्या हातात पत्र. पोलिसाची टोपी, कमरेचा पट्टा, हातात काठी. कंडक्टरच्या एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्यात सुट्टे पैसे, खांद्याला चामडी पिशवी. तिकिटांची पेटी आणि चिमटा अजूनही काढले जातात. आजच्या मुलाने ते ओळखायचे कसे? आणि एसटीत बाई कंडक्टर रोज दिसतात, त्या चित्रात का नसाव्यात?

तपासायची सोपी रीत आहे. आकृती पूर्ण काळी भरून बघा. नुसत्या सावलीवरून व्यवसाय ओळखू आला तर चित्र जमलं. त्यासाठी वस्तू अंगापासून सुटी, मोकळ्या जागेत यायला हवी. मशीन छातीसमोर काढलं की सावलीत गडप होतं. आंबे उतरवणाऱ्याचा झेला, म्हणजे लांब काठीच्या टोकाला लावलेली जाळी, मात्र फांद्यांच्या वर, आभाळावर काढला की लगेच कळतो.

पानाच्या मांडणीत चित्र आरशासारखं उलटवणं तर बंदच व्हायला हवं. उलटवलं की एसटीचं दार उजवीकडे जातं, स्टिअरिंग डावीकडे येतं, पदर उजव्या खांद्यावर जातो आणि पाटीवरची अक्षरं उलटी होतात. जागेसाठी माणसाचं तोंड दुसरीकडे हवं असेल तर चित्र नव्याने काढून घ्यावं.

छपाईचंही थोडं. असं चित्र पानावर जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचं छापलं जातं. त्यात बिल्ला, बटणं, जाळ्याची प्रत्येक गाठ काढली तर काळा गठ्ठा होतो. जाळ्याचे चार-सहा मोठे चौकोन पुरतात. बाह्यरेषा फक्त काळ्या शाईत ठेवावी. चार रंग मिसळून केलेला काळा छपाईत जरा सरकला की रेषेला रंगीत कडा दिसतात.

प्रकाशकांना विनंती आहे की पेन्सिलचं कच्चं रेखाटन त्या त्या कामातल्या माणसाला, म्हणजे रापणकराला, कंडक्टरला, मासे विकणाऱ्या बाईला दाखवावं आणि त्या वेळेचे पैसे चित्रकाराच्या मानधनात धरावेत. पेन्सिलवर असताना विळीची धार फिरवायला पाच मिनिटं लागतात. रंग भरून झाल्यावर चित्रच नव्याने करावं लागतं, आणि मग 'चालतंय' म्हणून तसंच छापलं जातं.

— एक बालचित्रकार, मालवण