शेळ्यांमागे गेलेल्या बायांसाठी ग्रामसभा थांबवणाऱ्या आबांना

आदरणीय आबा,

सादर नमस्कार.

आमच्या वस्तीच्या विहिरीच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल परवा हाती आला. पाणी पिण्यास योग्य असल्याचे त्यात लिहिले आहे. हा नमुना उन्हाळ्यातला नव्हे, वळवाचे आणि मृगाचे पाऊस होऊन गेल्यानंतर घेतलेला आहे. पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर उतारावरचे शेण, लेंड्या आणि माती थेट विहिरीत उतरत असे, आणि आषाढ सरेपर्यंत वस्तीवरचे एखादे तरी मूल जुलाबाने अंथरुणाला खिळलेले असे, हे आपण स्वतः पाहिले आहे. तो कागद वाचल्यावर मी आपल्याला फोन केला, पण मला धड बोलता आले नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे. सर्वांना वाचता यावे म्हणून ते जाहीर केले आहे, आणि आपल्या इच्छेप्रमाणे आपले नाव त्यात कोठेही घातलेले नाही.

आपण येण्यापूर्वी आमच्या डोंगरावर झाडे लावली गेली नव्हती असे नाही. माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि आमच्याकडे पाचशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरे गेले असे म्हणतात. अशा भागात झाड लावण्यापेक्षा ते पहिले दोन उन्हाळे जगवणे हेच खरे काम असते. तरीही दर जुलैमध्ये गाड्या येत, मजुरांकडून आधीच काढून ठेवलेल्या खड्ड्यांत गुलमोहराची आणि निलगिरीची रोपे बसवली जात, फलक लागत, छायाचित्रे निघत, भाषणांत पुढच्या पिढ्यांचा उल्लेख होई आणि दुपारच्या आत मंडळी परतत. चैत्रात त्या रोपांकडे कोणी फिरकत नसे. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यांत नवी रोपे येत. हेही आम्ही सोसले असते. पण रोपे का मेली याची एकदा चौकशी झाली, तेव्हा कागदावर ‘शेळ्यांची चराई’ एवढेच कारण लिहिले गेले, आणि ज्यांच्या शेळ्या होत्या त्यांच्यापैकी एकालाही कोणी काही विचारले नाही. निलगिरीच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही, मग निलगिरी का वाळली, असे विचारायला माझ्या सासूबाई पुढे गेल्या, तर त्यांना मागे जाऊन बसायला सांगण्यात आले. त्या दिवसानंतर त्या कोणत्याही सभेला गेल्या नाहीत.

पाणी अडवण्याच्या कामांसाठी गावागावांत होणाऱ्या वॉटर कप स्पर्धेत २०१८ साली आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीने राज्यात पहिला क्रमांक मिळवला आणि आजूबाजूच्या सगळ्या गावांत चैतन्य आले. आमच्या गावानेही माथ्यापासून पायथ्यापर्यंत उताराला आडवे, एकाच पातळीतले समतल चर खोदायचे, अनगड दगडांचे बांध घालायचे आणि डोंगरावर कुऱ्हाडबंदी व चराईबंदी लागू करायची असे ठरवले. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी हाच मार्ग धरला होता, त्यामुळे ठरावाला विरोध होईल असे कोणाच्या मनातही आले नाही. ज्यांना शेती आहे त्यांच्याकडे बांधावरचे गवत आणि कडबा असतो, पण आमच्या वस्तीवरच्या भूमिहीन घरांची सगळी भिस्त गायरानावर आणि त्या डोंगरावर आहे. आजारपण असो, मुलीचे लग्न असो की शाळेची फी असो, शेळी विकूनच ते निभावले जाते. डोंगर एका दिवसात बंद झाला असता, तर ती घरे दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या मुकादमाकडे उचल मागायला गेली असती.

त्या ग्रामसभेला गावाने आपल्याला मार्गदर्शनासाठी बोलावले होते. वनरक्षक म्हणून आयुष्य घालवलेला माणूस चराईबंदीच्या बाजूनेच बोलणार, असे आम्ही वस्तीवरच्या लोकांनी गृहीत धरले होते. सभेची वेळ सकाळी अकराची होती, म्हणजे नेमकी शेळ्या डोंगरात असण्याची. आपण आलात, जमलेल्या लोकांकडे पाहिलेत आणि विचारलेत, “शेळ्या राखणाऱ्या बाया कोठे आहेत?” त्या संध्याकाळी येतात, असे कोणीतरी सांगितले. “मग आपण संध्याकाळीच बसू,” असे आपण म्हणालात. नोंदवही उघडलेली होती, गणसंख्या पूर्ण होती, ठराव लिहून तयार होता, आणि दोघा-तिघांनी आपल्याला आग्रहही केला. आपण वाद घातला नाहीत, कोणाला उपदेश केला नाहीत. मारुतीच्या देवळासमोरच्या पारावर जाऊन बसलात आणि दिवेलागणीपर्यंत तेथून हलला नाहीत. दहिवडीकडे जाणारी शेवटची एस.टी. त्या वेळात निघून गेली, तेव्हाही आपण फक्त मान वर करून तिच्याकडे पाहिलेत.

आबा, गेल्या काही वर्षांत आपण आमच्यासाठी पुष्कळ केलेत, पण माझ्या मनात सर्वांत खोल रुतले आहे ते हे थांबणे. शेळ्या वाड्यात कोंडून सासूबाई दारापाशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा आपण उठून त्यांना सतरंजीवर आपल्या शेजारी जागा करून दिलीत आणि विचारलेत, “आक्का, हा डोंगर बंद केला तर तुम्ही शेळ्या कोठे न्याल?” त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात लहान वयात खडी फोडायला गेलेल्या, त्या डोंगराची प्रत्येक घळ पायाखालून गेलेल्या बाईला त्या डोंगराविषयी बोलायला कोणीतरी प्रथमच सांगत होते.

मग त्या बोलू लागल्या. सगळा डोंगर एकदम बंद करू नका, त्याचे भाग पाडा, असे त्यांनी सांगितले. नव्याने नांदायला आल्या तेव्हा कोणत्या घळीतला पाझर दिवाळीपर्यंत टिकत असे हे त्यांना आठवत होते, आणि तीच बाजू आधी बंद करावी असे त्यांचे म्हणणे होते. बंद केलेल्या भागातले गवत विळ्याने कापून डोक्यावरून आणू द्या, म्हणजे शेळ्या उपाशी राहणार नाहीत, हेही त्यांनीच मांडले. हिवरे बाजारमध्ये चराई बंद करताना गवत कापून नेण्याची मुभा याच कारणासाठी दिली गेली, असे आपण सभेला सांगितलेत. शेवटी बाभळीचा विषय निघाला. बाभळीच्या शेंगा शेळ्या आवडीने खातात, रात्री रवंथ करताना त्यातले टणक बी वाड्यात टाकतात, आणि ते बी झाडाखालच्या बियांपेक्षा लवकर उगवते, असे सासूबाई म्हणाल्या. काही लोक हसले. त्यांचे हसू थांबेपर्यंत आपण बोलला नाहीत, आणि नंतर म्हणालात, “आक्का बरोबर सांगतात. पोटातल्या रसाने बियाचे कवच मऊ होते. वाड्यातले बी आम्ही रोपवाटिकेत मुद्दाम वापरत होतो.” जी जनावरे झाडांचा नाश करतात असे सरकारी कागदावर लिहिले गेले होते, त्यांच्याच वाड्यातून आमच्या डोंगराचे पहिले बी आले. त्या रात्री घरी परतताना सासूबाईंची चाल मी पाहिली आहे आणि ती मी विसरू शकत नाही.

पुढच्या कामाचा तपशील येथे लिहीत नाही. श्रमदान कोठे आणि कसे केले हे गावाला ठाऊक आहे. पिशवीतल्या रोपांची मुळे गोल फिरतात आणि जागेवर पेरलेल्या बियाचे सोटमूळ सरळ खाली ओलीकडे जाते, म्हणून चरांच्या भरावावर बी टोकण्याचा आग्रह आपण धरलात, आणि बाभूळ, बोर, कडुनिंब, सीताफळ यांची आज उभी असलेली झाडे बहुतेक त्या टोकणीचीच आहेत. ज्यांनी पूर्वी फलक लावले त्यांनी एकदा येऊन ती पाहावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. टँकर अजून पूर्णपणे सुटलेला नाही. मे महिन्यात तो येतोच. पण सासूबाईंनी सांगितलेल्या घळीतला पाझर आता मार्गशीर्षापर्यंत वाहतो आणि विहिरीत उतरणारे पाणी गढूळ नसते, कारण उतारावर गवत उभे आहे.

स्वच्छ पाण्याचे कामही आपण त्याच रीतीने केलेत. २०१९ साली जलजीवन मिशन जाहीर झाले, प्रत्येक माणसाला दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठरले आणि गावोगाव पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद झाली. आमच्या गावात ही पाच नावे घरी बसून कागदावर भरली जाण्याच्या बेतात होती. आपण विचारलेत की विहिरीवरून रोज पाणी कोण भरते, आणि त्या बायांची नावे घालावीत असे सुचवलेत. त्यामुळे माझे नाव आले. जिवाणू तपासणीच्या छोट्या बाटलीत आमच्या विहिरीचे पाणी भरून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ते काळे, म्हणजे दूषित, झालेले दिसले, तेव्हा वस्तीवरच्या बायांना व्याख्यान देण्याची गरज उरली नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला असलेले शेळ्यांचे वाडे खालच्या अंगाला हलवायला हवेत हे आम्हीच आपापसात ठरवले, विहिरीला कठडा बांधून घेतला, काठावर कपडे धुणे बंद केले. पूर्वी पाणी निर्जंतुक करण्याची टी.सी.एल. पावडर पोत्यात ओल धरून निकामी होई आणि तीच अंदाजाने टाकली जाई. आता हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशोबाने जलसुरक्षक ती मोजून टाकतो आणि आम्ही ओ.टी. टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची चाचणी, करून रंग पिवळा येतो की नाही हे पाहतो. परवाच्या अहवालामागे एवढेच आहे, आणि आम्हाला ते फार मोठे आहे.

विकासाच्या कामात सज्जनपणाला किती किंमत आहे याचा मी अलीकडे फार विचार करते. आमच्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला आणि भूमिहीनांनाही त्यात हक्क दिला. तंत्र त्यांच्याकडेही होते, ते स्वतः अभियंता होते. पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याला हिशोबात प्रथम धरण्याची बुद्धी तंत्रातून येत नाही. ती माणसाच्या स्वभावात असावी लागते. समतल चर कसा आखावा हे आम्हाला कोणीही शिकवले असते. आमच्यासाठी सबंध दिवस पारावर बसून राहणारा माणूस दुसरा कोणी आला नव्हता.

गावाने यंदा ठराव केला आहे की डोंगर, गायरान आणि पाणी यांविषयीची कोणतीही सभा दिवे लागल्यानंतरच घ्यायची. तो एकमताने मंजूर झाला आणि त्यावर पहिला अंगठा सासूबाईंचा आहे. त्यांचे गुडघे आता डोंगर चढू देत नाहीत, पण कोणता भाग दसऱ्यानंतर उघडायचा हे अजूनही त्यांना विचारूनच ठरते, आणि या वेळी आपण त्या दिवशी येथे असावे अशी त्यांची इच्छा आहे. मुक्कामाच्या तयारीने यावे.

खटावकडच्या ज्या गावात आपण सध्या जात आहात, त्यांच्यासाठी वैशाखात वाड्यांतून गोळा केलेले बाभळीचे बी वस्तीवरच्या बायांनी निवडून, पाखडून ठेवले आहे. दोन पोती भरली आहेत. टोकणीला उशीर होऊ नये, म्हणून ते कोणाबरोबर पाठवायचे ते लवकर कळवावे.

आपली कृतज्ञ,
वस्तीवरची एक सून, पाणी तपासणाऱ्या आम्हा पाचजणींच्या वतीने