इंजिन काढले, पण ब्रेकचे काय?

महोदय,

जुनी पेट्रोल गाडी घरच्या घरी विजेवर आणण्याची हौस वाढते आहे. मलाही ती आहे, म्हणून हे पत्र. चर्चा होते ती मोटर आणि बॅटरीची. पण इंजिन बाहेर निघाले की त्याच्या जिवावर चालणारी बाकीची कामेही थांबतात, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ब्रेक दाबायला मदत करणारा बूस्टर इंजिन हवा ओढताना तयार होणाऱ्या निर्वातावर (व्हॅक्यूमवर) चालतो. इंजिन नसेल तर पेडल दगडासारखे घट्ट होते. त्यासाठी विजेवर चालणारा निर्वात पंप हवाच. पट्ट्यावर फिरणारा स्टेअरिंगचा पंप, गाडी थंड ठेवणारा एअर कंडिशनर, तसेच दिव्यांची १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर यांचीही पर्यायी सोय लावावी लागते.

दुसरा मुद्दा वजनाचा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते; तेवढी ऊर्जा साठवायला बॅटरी पेट्रोलपेक्षा खूपच जड लागते. मोटर इंजिनापेक्षा कितीतरी कार्यक्षम असली तरी बॅटरी जडच असते. ती नुसती डिकीत कोंबली तर गाडीचा तोल बदलतो, स्प्रिंगा दबतात.

आणि वीज! शेकडो व्होल्टच्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहाची ठिणगी घरातल्या एसी (दिशा बदलत राहणाऱ्या) प्रवाहासारखी स्वतःहून सहज विझत नाही. फ्यूज आणि कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच) डीसीसाठीच बनवलेले हवेत. पाना-पक्कड चालवता येणे वेगळे, हे काम वेगळे. मोटर बसवणे, वायरिंगच्या वाटा आखणे घरी जरूर करावे. बॅटरीची अंतिम जोडणी मात्र जाणकाराच्या हातूनच व्हावी.

– एक हौशी वाचक