बोटावरची शाई वाळण्याआधीच

संपादक महोदय,

निवडून आल्यावर काही दिवसांतच पक्ष बदलणाऱ्या लोकप्रतिनिधींच्या बातम्या वाचताना मला मतदान केंद्रातली ती चिठ्ठी आठवते, जी बटण दाबल्यावर काचेआड जेमतेम सात सेकंद दिसते आणि जिच्यावर उमेदवाराच्या नावासोबत पक्षाचे चिन्हही असते. ते चिन्ह पाहून दिलेले माझे मत, मला न विचारता, दुसऱ्याच पक्षाच्या पदरात टाकले जाते, याची मनस्वी चीड येते.

१९८५ मध्ये ५२व्या घटनादुरुस्तीने पक्ष बदलणाऱ्यांना अपात्र ठरवणारे राज्यघटनेचे दहावे परिशिष्ट आले आणि २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेले संरक्षणही गेले. दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाल्याचे सांगून अपात्रता टाळण्याची पळवाट मात्र कायम राहिली. पण खरी मेख आहे ती निर्णयाच्या अधिकारात. अपात्रतेचा निवाडा सभागृहाचे अध्यक्ष करतात आणि ते बहुधा सत्ताधारी पक्षाचेच असतात, त्यामुळे याचिका इतक्या रेंगाळतात की कधी कधी सभागृहाची मुदतच संपत येते.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात, अशा याचिका साधारणपणे तीन महिन्यांत निकाली निघाव्यात, असे म्हटले आणि हे काम स्वतंत्र कायमस्वरूपी लवादाकडे सोपवण्याचा विचार संसदेने करावा, असेही सुचवले. संसदेने ती सूचना आता तरी अमलात आणावी आणि ज्यांना पक्ष बदलायचाच आहे त्यांनी आधी राजीनामा देऊन पुन्हा मतदारांसमोर यावे, ही माझी कळकळीची मागणी आहे.

– एक मतदार