नोटिशीची मुदत आणि प्रतिदावा

महोदय,

‘त्याच्याकडूनच माझे पैसे येणे आहेत’ एवढे सांगितले की दिवाळखोरीची कारवाई थांबते, असे मुंबईतले अनेक व्यापारी धरून चालतात. हा समज घात करतो.

मुंबईत व्यक्तीविरुद्ध (कंपनीचे जामीनदार वगळून) आजही १९०९ चाच दिवाळखोरी कायदा चालतो. हुकूमनाम्याच्या (पैसे देण्याच्या न्यायालयीन आदेशाच्या) रकमेसाठी दिवाळखोरीची नोटीस बजावली की किमान एक महिन्याची मुदत मिळते. ती नोटीस रद्द करून घेण्याचा अर्ज त्या मुदतीतच उच्च न्यायालयात करावा लागतो. प्रतिदावा, म्हणजे समोरच्याकडून आपले येणे असल्याचा दावा, हुकूमनाम्याच्या रकमेइतका किंवा जास्त हवा. ४० लाखांसमोर ३० लाखांचा दावा चालत नाही. शिवाय हा प्रतिदावा ज्यात हुकूमनामा झाला त्या मूळ दाव्यात कायद्याने मांडताच आला नसता, असा हवा. बहुतेक अर्ज इथेच अडतात, कारण खराब मालाची तक्रार लेखी कैफियतीतच (मूळ दाव्यातल्या लेखी उत्तरातच) करता आली असती. पैसे भरले नाहीत, अर्जही केला नाही, तर मुदत संपताच ‘दिवाळखोरीचे कृत्य’ (ज्याच्या आधारे दिवाळखोरीचा अर्ज करता येतो) घडले असे धरतात.

कंपनीचे नियम वेगळे आहेत. तिला पुरवठादाराची थकबाकीसाठी मागणी नोटीस आली, तर उत्तराला फक्त १० दिवस असतात. रकमेबद्दल वाद आहे असा बचाव घ्यायचा, तर तो वाद नोटिशीआधीचा हवा, म्हणून माल नाकारल्याचे ईमेल, डेबिट नोट (पुरवठादाराच्या बिलातून रक्कम वजा केल्याची चिठ्ठी), तपासणी अहवाल तारखेनिशी जोडावेत. नोटीस हातात पडल्यावर बनवलेली डेबिट नोट कामाची नाही. बँकेच्या कर्जाला मात्र आधीच्या वादाचा हा बचाव लागू नाही.

– एक वकील, फोर्ट, मुंबई