मंगळावर पाणी लागलं होतं, बाबा

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "मंगळावर ते यंत्र हिंडतंय म्हणे, मग पाणी लागलं का तिथं?" फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि हे घाईत सांगून उरकायचं नव्हतं. म्हणून पत्र लिहितेय, सोबत फोटोही मोठे काढून पाठवतेय.

यंत्राचं नाव पर्सिव्हरन्स. सहा चाकं आणि एक टनाच्या आसपास वजन. 2021 साली ते उतरलं तेव्हा आपल्याकडे शिवजयंतीची पहाट उजाडायची होती. सुखरूप उतरल्याचं ज्यांनी जाहीर केलं त्या नासाच्या इंजिनिअर स्वाती मोहन. कपाळावर टिकली लावून बसल्या होत्या बघ आई, तुला व्हिडिओ दाखवला होता. उतरलं ते जेझेरो नावाच्या विवरात. उल्का आदळून पडलेला हा खड्डा सुमारे 45 किलोमीटर रुंद आहे, म्हणजे परभणीहून जिंतूर जेवढं साधारण तेवढा. आपलं लोणार दोन किलोमीटरही भरत नाही.

तर पाणी. होतं बाबा, भरपूर होतं. साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी पश्चिमेकडून एक नदी काठ फोडून आत यायची आणि विवरात तळं साठायचं. नदीनं आणलेला गाळ तोंडाशी पंख्यासारखा पसरलेला आहे, तो पहिल्या फोटोत दिसेल. आज तिथं थेंबही वाहत नाही. पाण्याचा सगळा हिशोब दगडात राहिलाय.

तो दगडातून कसा काढतात, हे तुम्हाला जेवढं कळेल तेवढं माझ्या ओळखीत दुसऱ्या कुणाला कळणार नाही. आपली विहीर खोदली तेव्हा यारीवाले गाळा उपसून टाकायचे आणि तुम्ही त्यातला एकेक दगड हातात घेऊन बघायचात. काळी माती संपली, मुरूम लागला, मग तो पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या दगड. तो नखानं खरवडून तुम्ही म्हणालात, "ह्यात झरा असतो." पुढं काळा पाषाण लागला आणि सुरुंगाशिवाय हालेना. यंत्रही हेच करतं. हातासारखी लांब भुजा आहे, तिच्या टोकाला दगड घासायचं आणि भोक पाडायचं हत्यार आहे. वरची धूळ-पुटं काढायची, आतला ताजा दगड बघायचा, कशाचा बनलाय ते तपासायचं आणि पटलं तर खडूएवढा तुकडा नळीत भरून ठेवायचा.

जेझेरोच्या तळाशी शास्त्रज्ञांना गाळाचा खडक मिळायची आशा होती. निघाला ज्वालामुखीतून आलेला, आपल्या काळ्या पाषाणाच्या गोतातला. ऑगस्ट 2021 मध्ये पहिलं भोक पाडलं, नळी तपासली तर रिकामी. दगड इतका ठिसूळ की भुगा होऊन गेला. पुढच्या महिन्यात दुसरा दगड निवडला आणि नमुना मिळाला. त्या खडकांमध्येही पाणी मुरल्याच्या खुणा आणि क्षार सापडले. मला हे फार मोलाचं वाटतं. तळ्याचा गाळ तर पाण्याची साक्ष देणारच, पण इथं लाव्हाच्या दगडानंही दिली.

आई, तुला आवडेल अशी एक गोष्ट. 2022 च्या सुरुवातीला डाव्या बाजूच्या पुढच्या चाकात एक खडा शिरला आणि वर्षभराहून जास्त तसाच फिरत राहिला. चाकाचे फोटो आले की मी आधी तो खडा शोधायचे.

आता चौथा फोटो घ्या. जुलै 2024 मधला आहे. विवरात येणाऱ्या त्याच जुन्या नदीच्या पात्रातला हा तांबूस दगड. त्यावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके आहेत, मध्ये फिकट आणि कडेनं काळे. या ठिपक्यांमध्ये लोह, फॉस्फरस आणि गंधकाची संयुगं आहेत. पृथ्वीवर चिखलात असं घडतं तेव्हा बऱ्याचदा सूक्ष्मजीवांचं काम असतं, मात्र जीव नसतानाही रसायनांनी ते घडू शकतं. 2025 च्या सप्टेंबरमध्ये शोधनिबंध आला, त्यातही जीवसृष्टीची शक्य असलेली खूण एवढंच म्हटलंय. कुणी छातीठोकपणे 'जीव सापडला' म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

नक्की काय ते कळायला तो तुकडा इथल्या प्रयोगशाळेत यायला हवा. पण नमुने आणायच्या मोहिमेचा खर्च एवढा वाढला की ती अडून बसली. याचं मला मनापासून वाईट वाटतं. एवढं लांब जाऊन, नेमका दगड ओळखून, नळीत बंद करून ठेवलाय, आणि आणायला कुणी नाही. यंत्र मात्र थांबलं नाही. 2024 च्या अखेरीस साडेतीन महिन्यांत 500 मीटर चढून ते विवराच्या काठावर पोचलं. तिथले दगड तळापेक्षाही जुने.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे फोटो दाखवते, पण नुसत्या फोटोनं त्यांना दगडाचा अंदाज येत नाही. बाबा, गोठ्यामागे विहिरीचा ढिगारा अजून आहे ना? त्यातला एक मांजऱ्या आणि एक काळा पाषाण, मुठीएवढे, काका इकडे येतील तेव्हा त्यांच्याकडे द्या. कितव्या हातावर लागले तेही चिठ्ठीत लिहा, मुलं विचारतीलच.

आई, गुडघ्याचा पट्टा रोज लावत जा.

तुमची,
ताई